माझ्याकडे तर नीट चालतं

९ जानेवारी

ठेंगूबाई,

तुझं पत्र मिळालं. शिपायाने ते दोन बोटांत धरून आणलं आणि हळूच विचारलं, ‘सर, घरी सगळं ठीक ना?’ आमच्या विभागात हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट आलं की हल्ली माणसं धसका घेतात. सख्खा भाऊ कम्प्युटर सायन्सचा प्राध्यापक आणि बहीण त्याला पोस्टाने पत्र पाठवते, हे पोरांना कळलं तर माझी उरलीसुरली अब्रूही जायची.

फोन पाण्यात पडला म्हणतेस. पडला तर पडला, दुसरा पाठवतो. पण तू लिहितेस, ‘इतक्यात नको, आणि पत्र घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठव.’ का, ते लिहीत नाहीस. लहानपणापासून तुझं हे असंच. अर्धं बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने ओळखायचं. मी काही मनकवडा नाही बाई. मला स्पष्ट लिहिलेलं कळतं, आणि तेही स्वल्पविराम जागच्या जागी असेल तरच.

माझं म्हणशील तर सत्र सुरू झालंय आणि डोकं उठलंय. हजेरीला आता चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. मी दाढी काढली त्या दिवसापासून ते मला ओळखेना. रोज सकाळी दारात उभं राहून त्याच्याकडे बघून हसायचं, तिरकं व्हायचं, चष्मा काढायचा, पुन्हा लावायचा. ते लाल दिवा लावतं आणि बाईच्या आवाजात म्हणतं, ‘अनोळखी व्यक्ती.’ मागे उभी असलेली पोरं खिदळतात. यंत्र बनवणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याला फोन केला तर म्हणतो, ‘सर, माझ्याकडे तर नीट चालतं.’

हे वाक्य ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. प्रत्येक वर्षी प्रत्येक वर्गात कुणीतरी हे म्हणतंच. अरे, तुझ्याकडे चालतं म्हणून मी काय तुझ्या मांडीवर येऊन बसू? पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे. काय केल्यावर बिघडतं ते शोधा, तेच परत करा, परत बिघडलं तर तुम्ही निम्मी लढाई जिंकलीत. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. पण नाही. एकदम दहा ठिकाणी हात घालतात, आणि चाललं की का चाललं ते सांगता येत नाही. आता तर प्रोग्रामही यंत्राकडून लिहून आणतात. इतका स्वच्छ असतो की पाहताक्षणी कळतं, हे आमच्या लेकरांचं नव्हे.

पाहुणे कसे आहेत? मागच्या खेपेला त्यांनी घाटातल्या अपघाताची हकीकत सांगितली तेव्हापासून मी लोकांना सांगत सुटलोय की माझ्या बहिणीचा नवरा अँब्युलन्स चालवतो आणि स्ट्रेचर उचलताना त्याचा हात तसूभर हलत नाही. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
दादा

२१ जानेवारी

प्राध्यापक महाशय,

स्पष्ट लिहू म्हणतोस. बरं, लिहिते. स्वल्पविरामांचं तू बघून घे.

फोन पाण्यात पडला नाही. ह्यांनी तो फरशीवर ठेवला आणि बुटाच्या टाचेने फोडला, सावकाश, मला समोर उभं करून. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी ह्यांचा फोन उचलला नव्हता, एवढंच. मग माझा डावा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा लागलं नाही म्हणून परत लावलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सासूबाईंनाही आला असणार, कारण त्यांनी टीव्ही मोठा केला.

दवाखान्यात ह्यांनीच नेलं, सायरन लावून. आमच्या दुकानासमोरचंच हॉस्पिटल, ह्यांचंच. तिथे सगळे ह्यांच्या ओळखीचे, डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत. बाथरूममध्ये घसरली, असं ह्यांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. नर्स म्हणाली, ‘नशीबवान आहात, घरातच अँब्युलन्स.’ प्लास्टर वाळल्यावर ह्यांनी त्याच्यावर बॉलपेनने फूल काढलं. सगळ्यांना फार कौतुक वाटलं.

हे पहिल्यांदा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आहे. तू यायचास तेव्हा मी उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायचे आणि तू म्हणायचास, ठेंगूला फॅशन सुचते आहे.

चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनला दोन्ही हात लागतात, म्हणून मालकीणबाईंनी मला सध्या काउंटरवर बसवलंय. त्या काही विचारत नाहीत. पण तुझं पाकीट त्यांनी स्वतः आणून दिलं, आणि देण्याआधी रस्त्याकडचा पडदा ओढून घेतला, कारण ह्यांची गाडी समोरच उभी होती.

मला तुझ्याकडून काही नको दादा. फोनवर हे मला कधी बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. कुणाला तरी माहीत असावं, एवढंच. उद्या तुला निरोप आला की ठेंगू बाथरूममध्ये पडून गेली, तर खरं काय ते तुला माहीत असावं.

ठेंगू

२७ जानेवारी

ठेंगू,

तुझं पत्र मी वर्गात उघडलं. पोरं चाचणी लिहीत होती. दुसऱ्या परिच्छेदाला मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, आणि पुढच्या बाकावरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. त्या क्षणी तो समोर असता तर मी त्याचा गळा धरला असता. खरं सांगतो, मला त्याचा गळा माझ्या हातात दिसत होता.

मग घरी आलो, टेबलाशी बसलो, आणि मला जे येतं ते केलं. विचार केला. रागावू नकोस, मला दुसरं काही येत नाही. माणूस मुळात वाईट नाही, हे तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे कुठेतरी, कशाने तरी, काहीतरी बिघडतंय. ते कशाने बिघडतं हे एकदा सापडलं की उपाय निघेल. त्याच्या गाडीत कुणी दगावलं त्या दिवशी हे होतं का? जेवणाआधी होतं की नंतर? सासूबाई काही बोलल्यावर होतं का? तू गप्प असतेस तेव्हा, की तू उलटून बोलतेस तेव्हा? नीट बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ, सगळं एकदम नको. नाहीतर कशाचा काय परिणाम झाला ते कळणार नाही.

‘निघून ये’ असं मी आधी लिहिलं होतं. मग खोडलं. मशीन बिघडलं की सगळं पुसून टाकायचं आणि नव्याने सुरू करायचं, याला मी वर्गात आळस म्हणतो. आणि हा तर संसार आहे. शिवाय तो माझा पत्ता जाणतो, पहिल्यांदा इथेच येईल.

मी येतो. सुट्टी टाकली आहे. मला स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघू दे.

दादा

८ फेब्रुवारी

दादा,

तुझा प्रयोग केला.

गप्प राहिले. ‘तोंडात बोळा कोंबलाय का’ म्हणून पोटात गुडघा. मग पुढच्या वेळी बोलत राहिले, दिवसभराचं सगळं सांगितलं, कुठल्या गिऱ्हाइकाने कुठली फ्रेम नाकारली तेसुद्धा. ‘कटकट बंद कर’ म्हणून केस धरून डोकं भिंतीवर. ताट आधी वाढलं, नंतर वाढलं, त्याने मागेपर्यंत थांबले. तिन्हीला सारखंच. गाडीत एक म्हातारा गेला त्या दिवशी तो येऊन शांत झोपला. आणि एक बाळंतीण सुखरूप पोचवली, तिच्या घरच्यांनी रडून रडून आभार मानले, त्या दिवशी घरी येऊन इस्त्री माझ्या पाठीला टेकवली. म्हणाला, ‘आज मी खुशीत आहे आणि तुला विचारावंसंही वाटत नाही.’ मी विचारलं होतं दादा. दारातच विचारलं होतं.

एक गोष्ट मात्र दर वेळी सारखी असते. तो आधी मनगटावरचं घड्याळ काढतो आणि कपाटावर ठेवतो. काच फुटू नये म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी मला दुकानात जायचं असलं तर चेहऱ्याला हात लावत नाही. ज्याला एवढं सुचतं त्याचं काय बिघडलंय, ते तू मला सांग. स्ट्रेचर उचलताना त्याचा हात हलत नाही, तसाच माझ्यावर उचलतानाही हलत नाही. काही बिघडलेलं नाही. हे असंच चालतं, आणि त्याला ते असंच चालायला हवंय.

तू येऊ नकोस. आलासच तर पाहुण्यासारखा ये, जेव आणि परत जा. त्याला काही विचारू नकोस, डिवचू तर अजिबात नकोस. तू बसमध्ये बसतोस. मी घरीच असते.

ठेंगू

२३ फेब्रुवारी

ठेंगू,

सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारचा माणूस सबंध वाटभर फोनवर मोठ्याने व्हिडिओ बघत होता. हेडफोनचा शोध लागून इतकी वर्षं झाली तरी बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.

तू रागावली आहेस, निरोप घेताना माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तू सांगितलंस तसं मी वागलो नाही, हे कबूल. पण मी ठरवूनच आलो होतो. बिघाड माझ्यासमोर घडला तर मला मधे पडता येईल, साक्षीदार होता येईल, आणि मूळ सापडेल, असा माझा हिशेब होता. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी त्याचा आवडता कप ‘चुकून’ पाडला. तो हसला आणि तुकडे स्वतः गोळा करून ठेवले. मी त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवली. त्याने मान्य केलं. मी मुद्दाम तुझी बाजू घेऊन सासूबाईंशी वाद घातला, तर तो आईलाच गप्प बस म्हणाला. शेवटी तू आत गेल्यावर मी सरळ विचारलं, ‘हिचा हात कसा मोडला, मला नीट सांगा.’ ठेंगू, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘दादा, मी सगळ्या गावाला वेळेवर पोचवतो आणि माझ्याच घरात मला उशीर झाला.’

आता मी काय समजू? तू खोटं लिहिलंस असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. प्लास्टर मी पाहिलंय. पण जे मी पाहिलं तेही मी पाहिलंय. कदाचित तो बदलतोय. कदाचित दुखण्यात काही गोष्टी आपल्याला आहेत त्याहून मोठ्या दिसतात. ‘माझ्याकडे तर नीट चालतं’ असं म्हणणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर हसलो, आणि आज तेच माझ्या तोंडी येतंय हे मला कळतंय. तरी जरा धीर धर. महिनाभर बघू.

दादा

१ मार्च

प्राध्यापक साहेबांस,

मी तुमच्या बहिणीच्या दुकानाची मालकीण. तिला सध्या लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

तुमचं पत्र परवा आलं. ते मी फोडून वाचलं. तिला दाखवलेलं नाही. तिचे डोळे अजून उघडत नाहीत, आणि उघडले तरी मी ते दाखवणार नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी त्याने स्टँडवर तुमची बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. मग घरी येऊन दाराला आतून कडी घातली. तिने तुम्हाला काय काय सांगितलं, असं तो विचारत होता आणि ती सांगत नव्हती. तुम्ही फोडलेल्या कपाचे तुकडे त्याने कागदात जपून ठेवले होते. ते तिच्या मुठीत देऊन मूठ आवळली. बरगड्या मोडल्या आहेत. तो तिच्या छातीवर गुडघे टेकून बसला होता. डाव्या कानाने ऐकू येत नाही, ते परत येईल असं डॉक्टरांना वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायला आले तर ती पायरीवर बसलेली होती, अनवाणी. मला म्हणाली, ‘बाई, आज काउंटरवर बसायला जमणार नाही.’

समोरच्या हॉस्पिटलात तिला नेता आलं नाही, हे तुम्हाला समजेल. दुसरीकडे नेलं. आता ती दुकानाच्या वरच्या खोलीत आहे, माझ्याजवळ. पोलिसांत तक्रार दिली आहे. ती त्यांनी लिहून घेतली आणि बघतो म्हणाले. तो दिवसभर गाडी समोर लावून आमच्या खिडकीकडे पाहत बसतो.

पत्र लिहायचं तर लिहा. कृपा करून येऊ नका.

२० मार्च

ठेंगू,

तुला सगळं कळलंच असेल. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

मी तुझ्याकडेच येत होतो. खरंच तुझ्याकडे. बाईंचं पत्र खिशात होतं. रस्ता ओलांडायच्या आधी हॉस्पिटलच्या आवारात तो दिसला. गाडीचं मागचं चाक काढलेलं, शेजारी जॅक, आणि चाकाचा लांब पाना खाली पडलेला. त्याने मला पाहिलं आणि हसला. म्हणाला, ‘या दादा, चहा घेणार की कप फोडणार?’ आणि मनगटावरचं घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. वकील म्हणतो, हात धुवायला काढलं असेल. असेल. मी पाना उचलला.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो खाली पडला आणि बोलायचा थांबला. मग मी त्याच्या उजव्या हातावर मारलं, बोटांवर, तो हात आत ओढायचा आणि मी पायाने दाबून धरायचो. दर घावाला मी विचारत होतो, ‘का मारतोस? सांग, का मारतोस तिला?’ तो काय सांगणार? जबडा फुटला होता, तोंडातून रक्त आणि दात बाहेर येत होते. मला ते दिसत होतं आणि तरी मी विचारत होतो. वॉर्डबॉयनी मला मागून धरलं तेव्हा मी त्यांतल्या एकाला चावलो, असं कागदोपत्री आहे. मला आठवत नाही.

तुझ्यापासून काय लपवू? मला फार बरं वाटत होतं. जन्मभर मी जे दिसेल त्याच्यामागचं कारण उकरत बसलो. ती दोन मिनिटं मला कशाचंच कारण नको होतं.

जामीन झाला. कॉलेजने निलंबित केलंय. टेबलावरचं सामान आणायला गेलो, तर दारातल्या यंत्राने मला या वेळी झटकन ओळखलं, माझं नाव घेतलं आणि म्हणालं, ‘प्रवेश नाही.’ इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बरोबर चाललं. विभागप्रमुखांनी खोक्यात भरून माझी पुस्तकं बाहेर पाठवली.

तू काळजी करू नकोस. वकील हुशार आहे. म्हणतो, किरकोळ आहे, मिटेल.

दादा

२ एप्रिल

दादा,

मिटेल कसं, ते तू लिहिलं नाहीस. ते सासूबाई येऊन सांगून गेल्या. मी घरी परत गेले, माझी तक्रार मागे घेतली, तर तो तुझ्यावरची केस सोडून देईल. त्याला भरवायला, धुवायला आता माणूस लागतं. ‘भावाची नोकरी तुझ्या हातात आहे’ म्हणाल्या.

हे तुझ्या वकिलाला माहीत होतं, तुलाही माहीत होतं. तू मला लिहिलं नाहीस. मी जाईन या भीतीने लिहिलं नाहीस, की कुणीतरी सांगेलच आणि मी आपणहून जाईन या आशेने, ते मला माहीत नाही. उत्तर नको.

मी जाणार नाही.

काल तुझा वकीलही आला. मी वरच्या खिडकीत उभी होते हे सगळ्या रस्त्याने पाहिलंय, म्हणून मी साक्षीदार. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवंय, की आधी तो तुझ्या अंगावर धावून आला. मी म्हटलं, मी जे पाहिलं ते सांगेन. तो म्हणाला, ‘ताई, नीट विचार करा.’ मला नीट विचार कर असं आयुष्यात फार जणांनी सांगितलंय.

काय पाहिलं ते तुलाही सांगते. तू पाना उचललास आणि पहिला घाव बसला तेव्हा मी खूश झाले. मोडलेल्या बरगड्या धरून हसले. दुसऱ्यालाही हसले. मग तो हलेना, आणि तू थांबेनास. मी खिडकीची काच ठोकली. ‘दादा, पुरे’ म्हणून ओरडले, घसा फुटेपर्यंत ओरडले. तू मान वर केलीस. मला पाहिलंस, ओळखलंस. आणि परत खाली वाकून मारलंस. तेव्हा तुझा चेहरा कसा होता ते मला कुणी सांगायला नको. तसला चेहरा मी घरात रोज पाहत होते.

तू माझ्यासाठी मारलंस असं सगळे म्हणतात. मी तर तुला थांब म्हणत होते.

ठेंगू

९ एप्रिल

ठेंगू,

तुझं पत्र वाचून मी घरातला मॉनिटर उचलून जमिनीवर आपटला. म्हणजे तू म्हणतेस तो चेहरा माझ्याकडे आहे, हे खरंच म्हणायचं. घे, तुझंच बरोबर.

पण बाई, तुरुंग. तुला कळतंय का तुरुंग म्हणजे काय? या वयात, हा मधुमेह घेऊन, ज्यांना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही अशा माणसांत. जामिनाआधी चार भिंतींत राहिलो तेवढ्यात एकाने माझा चष्मा पायाखाली घातला, आणि मी आंधळ्यासारखा कोपऱ्यात बसून होतो. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, हे घर कॉलेजचं आहे ते जाईल. मी परत जा म्हणत नाही तुला. कधीच म्हणणार नाही, ते मनातही आलं नव्हतं. आलं असेल तर एखादा क्षण, वकील बोलत होता तेव्हा. मी फक्त एक वाक्य मागतोय. ‘तो आधी अंगावर आला.’ तो तुझ्या अंगावर किती वेळा आला, त्यातलं एक वेळचं मला दे.

तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण तू ते पहिलं पत्र लिहिलं नसतंस तर मी आज वर्गात असतो, हेही खोटं नाही.

हे वाक्य खोडावं असं वाटतंय. खोडत नाही. तुला स्पष्ट लिहायला मीच शिकवलं ना.

दादा

५ नोव्हेंबर

दादा,

एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दोनदा लिहायला बसले आणि शिव्याच लिहिल्या गेल्या. मालकीणबाई म्हणाल्या, शिव्या पोस्टाने पाठवू नयेत, समोर द्याव्यात. कोर्टात समोर आलास तर तू माझ्याकडे बघेनास, मग त्याही राहून गेल्या.

मी पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा डावीकडे कुबड्या घेऊन तो बसला होता आणि उजवीकडे तू. मी सगळं सांगितलं. दार, इस्त्री, कप, कान. आणि पानासुद्धा. तो पडल्यावरचे घावसुद्धा. मी पुरे म्हटलं तेसुद्धा. न्यायाधीशांनी विचारलं, ‘हा तुमचा सख्खा भाऊ ना?’ मी म्हटलं, हो, एकुलता एक.

मग तुझा वकील उठला. मार खाल्लेल्या बाईचे डोळे सुजलेले होते, एका कानाने ऐकू येत नाही, तिच्या डोक्याचाही भरवसा नाही, असं तो म्हणायला लागला. मला वाटलं, हे तू त्याला सांगून आणलंयस. तेवढ्यात तू उभा राहिलास. वकील तुझा कोट ओढत होता, खाली बसा म्हणत होता. तू म्हणालास, ‘ती सांगते ते खरं आहे. सगळं.’ आणि बसलास. पुढे एक शब्द बोलला नाहीस, काही समजावून सांगितलं नाहीस. दादा, मी तुला जन्मापासून ओळखते, काही समजावून न सांगता तू खाली बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

शिक्षेचा आकडा ऐकला तेव्हा बाईंनी माझा हात धरला होता, म्हणून मी उभी राहिले. बाहेर सासूबाई म्हणाल्या, ‘झालं समाधान? भावाला खाल्लंस.’ मी त्यांना काही बोलले नाही. त्यांच्या मुलाची केस पुढच्या महिन्यात उभी राहते आहे, तेव्हा मी बोलणारच आहे.

मी परत मशीनवर बसायला लागले आहे. हात पूर्ण वळत नाही, पण काच धरता येते. तुझ्या नंबरचे दोन चष्मे केलेत, जाड फ्रेमचे, कुणी पाय दिला तरी लवकर मोडायचे नाहीत. आत नेऊ देतात का ते बाई विचारणार आहेत.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. त्या शेवटच्या वाक्याचा तर अजिबात नाही. बरगडी दुखते तेव्हा ते आठवतं आणि ते आठवलं की बरगडी दुखते. पण कोर्टाने दिलेल्या मुदतीप्रमाणे सोमवारी तुला तुरुंगात हजर व्हायचं आहे आणि मी फाटकापर्यंत येणार आहे. माझ्या उजव्या बाजूला उभा राहा, डावीकडून ऐकू येत नाही. तिथे मला रडू येईल आणि बोलता येणार नाही, म्हणून जे तिथे म्हणायचं ते आत्ताच लिहिते.

दादा, जाऊन ये.

ठेंगू